दंडावरची फीत बघ, सुकरू

खैरीच्या सरकारी दवाखान्यात सुकरू नावाचा एक भोळा शिपाई होता. अंगाने दणकट, मनाने निर्मळ, कामाला कधी नाही म्हणणार नाही. सांगितलेलं जसंच्या तसं करायचा. आता हा गुण की खोट, ते तुम्हीच ठरवा.

खैरीचा उन्हाळा म्हणजे नुसती भट्टी. अलीकडे तर हवामानाचंच डोकं फिरलेलं. होळी पेटायच्या आधी उन्हाचे चटके, आणि भर चैत्रात गारा. ऊन चढलं की लाइट जायची, तीही नेमका वॉर्ड भरलेला असताना. पंखे बंद, कूलर बंद, मग नातेवाईक पुठ्ठ्याने वारा घालत बसायचे. डॉ. उरकुडे मॅडमना एकच ध्यास होता, दवाखान्याला जनरेटर मिळावा. जिल्ह्याचे मोठे साहेब उन्हाळ्याची तयारी बघायला येणार होते. तयारी पसंत पडली तर जनरेटर, नाही तर आहेच आपला पुठ्ठा. गेल्या उन्हाळ्यात पुठ्ठा हलवून हलवून सुकरूचा खांदा निखळायचा बाकी होता, त्यामुळे जनरेटर त्यालाही हवाच होता.

मॅडमनी सगळ्यांची तालीम घेतली. उन्हाने पडलेल्यांची एकदम गर्दी झाली तर आधी कुणाला बघायचं, त्यासाठी रंगीत फिती आणल्या.

"लाल फीत दिसली की आधी आत," मॅडम म्हणाल्या. "हिरवी असेल तर झाडाखाली बसव, पाणी दे. आणि काळी म्हणजे आपल्या हातात काही राहिलं नाही. त्याला मागच्या खोलीतल्या, प्रेतं ठेवायच्या थंड पेटीत ठेवायचं."

सुकरूने मान डोलावली. लाल आत, काळी पेटीत, असं घोकतच तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी एक म्हातारी नातीचा हात धरून आली आणि पायरीवर मटकन बसली. नात शाळेतून आलेली, दोन वेण्या, दोन लाल फिती. सुकरूने नातीला उचललं, धावत आत नेलं आणि टेबलावर झोपवलं. डबल अर्जंट आहे म्हणाला. पोरगी खिदळतेय, आणि म्हातारी बाहेर घेरी येऊन पडलेली. मॅडमनी पळत जाऊन तिला ओल्या चादरीत गुंडाळलं, वारा घातला, तेव्हा कुठे तिने डोळे उघडले.

मग मॅडमनी त्याला समजावलं. फीत आपण दंडाला बांधतो, केसातली बघायची नाही. आणि बाहेरून आलेल्या माणसाला आधी ओली चादर नि वारा.

नंतर आला डोमा गवंडी. भर उन्हात भिंत चढवून आलेला, झोकांड्या खात होता. सुकरू चादर भिजवायला निघाला, तर डोमा म्हणतो, मला काही झालं नाही, जाऊ दे मला. काही झालं नाही म्हणतोय तर कशाला अडवायचं? सुकरूने त्याला फाटकापर्यंत पोचवलं, वर नमस्कारही केला. डोमा फाटकातच आडवा झाला.

मॅडमनी पुन्हा समजावलं. ऊन लागलेला माणूस भलतंसलतं बरळतो, मी ठीक आहे म्हणतो. त्याचं काही ऐकायचं नाही.

त्याच आठवड्यात गारा पडल्या. एसटीचा कंडक्टर चिंब भिजून, दात वाजवत दवाखान्यात शिरला आणि घोटभर चहा मागू लागला. सुकरूने काही ऐकलं नाही. त्याला ओल्या चादरीत गच्च गुंडाळलं आणि पुठ्ठ्याने वारा घालायला बसला. मॅडम आल्या तेव्हा कंडक्टर निळा पडत चालला होता.

मॅडमनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, बाबा रे, आधी अंगाला हात लावून बघत जा. तापलं असेल तरच ओली चादर.

सुकरूला पटलं. आता आपल्याला सगळं आलं असं त्याला मनापासून वाटलं.

साहेब यायचा दिवस उजाडला. मॅडम आणि सगळा स्टाफ पुढच्या फाटकाशी गुच्छ घेऊन उभा. साहेब मोठे हुशार. खरी तयारी बघावी म्हणून गाडी लांब सोडून ते एकटेच मागच्या दाराने आले, घामाघूम होऊन. मागच्या दाराशी होता सुकरू.

सुकरूने आधी दंड बघितला. दंडावर काळी फीत. अधिकाऱ्यांच्या संघटनेने मागण्यांसाठी काळ्या फिती लावून काम करायचं ठरवलं होतं, पण ते सुकरूला कोण सांगणार? अंगाला हात लावला, तर तापलेलं.

"अहो, मी साहेब आहे," ते म्हणाले. "मला काही झालेलं नाही."

"सगळे असंच म्हणतात," सुकरू हळहळून म्हणाला. त्याने साहेबांना ओल्या चादरीत गुंडाळलं, खांद्यावर टाकलं आणि अलगद पेटीत ठेवलं. झाकण लावून हात जोडले. मग पुढे फाटकाशी गेला.

"सुकरू, साहेब दिसले का रे?" मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम. एक काळी फीत आली होती. फार बडबडत होती."

मॅडमच्या हातातला गुच्छ खाली पडला. सगळे मागे धावले आणि झाकण उघडलं. नेहमीप्रमाणे लाइट गेलेली, म्हणून बरं. साहेब गारठले नव्हते, उकडले होते.

चादरीतूनच त्यांनी विचारलं, "बाई, लाइट गेली की ही पेटीसुद्धा बंद पडते?"

"सगळंच बंद पडतं, साहेब," मॅडम म्हणाल्या. त्यांना रडूच येत होतं.

साहेब उठून वॉर्डात गेले. दोन्हीकडे पुठ्ठे हलत होते. साहेब म्हणाले, जनरेटर देतो, आणि उद्घाटनालाही येतो, फक्त या माणसाला माझ्यापासून लांब ठेवा.

जनरेटर आला. मेकॅनिकने तो चालवून बघितला, झकास चालला. मॅडमनी त्याच्या हँडलला साहेबांनी कापायची फीत बांधली आणि त्या साहेबांना आणायला फाटकाकडे गेल्या. या वेळी साहेब पुढच्याच दाराने आले. हातात कात्री घेऊन बघतात तर जनरेटर जागेवर नाही.

तो वॉर्डात होता. पहिल्या पलंगावर, ओल्या चादरीत गच्च गुंडाळलेला. पलंगाखाली पाण्याचं थारोळं, आणि उशाशी सुकरू पुठ्ठ्याने वारा घालत बसलेला.

"अंग फार तापलं होतं, मॅडम," तो म्हणाला. "आता गार पडलाय. बोलत नाही, पण घाबरू नका. फीत लाल आहे, वाचेल."