पूर्वेच्या सोंगट्या

एके काळी एक वृद्ध आचार्य नदीकाठच्या आश्रमात गणित शिकवीत असत. त्यांचे गणित मुलखावेगळे होते. तिथे दोन संख्यांची बेरीज म्हणजे त्यांतली जी मोठी, ती. पाच आणि आठ यांची बेरीज आठ. पाचाचे काय झाले, हे विचारायचे नाही. या बेरजेवर उभ्या राहिलेल्या भूमितीला जाणकार उष्णकटिबंधीय भूमिती म्हणतात. नाव ऐकून घाम पुसू नका, आपल्याला आज एवढी बेरीज पुरे आहे.

चिंतामण हा आचार्यांचा सर्वांत जुना शिष्य. त्याला ही बेरीज मनापासून आवडे. दोघे एकत्र आले की एकच उरतो, आणि उरणारा तो आपणच, अशी त्याची पक्की समजूत होती. मग सारंग आश्रमात आला आणि त्या समजुतीला तडा गेला. सारंग वयाने लहान, बोलायला साधा आणि बुद्धीने तल्लख. आचार्यांनी त्याला ‘वा’ म्हटले की चिंतामणला घास गोड लागेना. थंडीत त्यांनी आपली जुनी शाल सारंगला दिली, तेव्हा तर त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. वास्तविक स्वतः चिंतामणजवळ दोन शाली होत्या. पण मत्सराला थंडी वाजत नसते. त्याला दुसऱ्याच्या खांद्यावरची शाल तेवढी दिसते.

येत्या पौर्णिमेला आश्रमात विद्वानांची सभा भरायची होती, आणि तिथे सारंग आपला नवा सिद्धांत मांडणार होता. त्याने लिहून काढलेली पाने आधी चिंतामणकडेच आणून दिली होती. “दादा, तुम्ही एकदा नजरेखालून घाला. तुमच्या नजरेतून काही सुटत नाही.”

खरेच सुटले नाही. सारंगने प्रत्येक ठिकाणी दोन संख्यांपैकी एक मोठी धरून सिद्धता पुढे नेली होती. दोन्ही सारख्याच निघाल्या तर काय, हे बघायचे राहून गेले होते. सभेतला पहिलाच म्हातारा पंडित नेमका हाच प्रश्न विचारणार आणि सारंग सगळ्यांसमोर तोंडघशी पडणार! चिंतामणच्या मनाला गुदगुल्या झाल्या.

“छान लिहिलं आहेस,” असे म्हणून त्याने पाने परत केली, आणि तेव्हापासून तो पौर्णिमेची वाट पाहू लागला.

आचार्यांना आयुष्यभर आणखी एका प्रश्नाने झपाटले होते. कणीक तिंबताना पिठाचा एखादा कण ताणला जातो, दुमडला जातो आणि फिरत राहतो. त्या प्रत्येक घडीबरोबर त्याला कुठल्या तरी दिशेने ढकललेही, तर तो कण सगळीकडे पोहोचेल, की एकीकडे निघून जाईल तो कायमचाच? शिष्यांना हे कळावे म्हणून आचार्यांनी आश्रमाच्या फरसबंद अंगणात एक खेळ बसवला होता. खेळणारा म्हणजे तो कण, आणि सोंगटी म्हणजे त्याला मिळणारा धक्का. लाकडी सोंगट्यांवर बाण रंगवलेले असत आणि ठिपके असत. बाणाच्या दिशेने ठिपक्यांइतक्या फरशा चालायचे. आपल्याजवळची कोणतीही सोंगटी, कोणत्याही क्रमाने, हवी तितक्या वेळा वापरावी. अंगणाच्या मधोमधून निघून पूर्वेचा दरवाजा, पश्चिमेची विहीर, उत्तरेचा औदुंबर आणि दक्षिणेचे तुळशीवृंदावन या चारही जागांना हात लावायचा, की झाला खेळ.

सभेच्या आदल्या दिवशी सकाळी आचार्यांनी दोघांना अंगणात बोलावले आणि सोंगट्यांची टोपली पुढे ठेवली.

“चिंतामणा, तू जुना. आधी तू निवड. तुला नको असतील त्या सारंगच्या.”

चिंतामणला वाटले, चला, उशिरा का होईना पण न्याय झाला! त्याने टोपलीत हात घातला आणि चार-चार, पाच-पाच ठिपक्यांच्या सगळ्या सोंगट्या वेचून घेतल्या. तळाशी उरल्या तीन, त्याही एकेका ठिपक्याच्या. सारंगने त्या मुकाट्याने उचलल्या. त्याच्या तळहातावरच्या त्या तीन सोंगट्या पाहून चिंतामणच्या जिवाला असा गारवा वाटला की विचारू नका.

खेळ सुरू झाला. चिंतामण लांब ढांगा टाकत बघता बघता पूर्वेच्या दरवाजाशी पोहोचला. आता विहीर. त्याने मूठ उघडून पाहिले. एक सोंगटी पूर्वेची, एक ईशान्येची, एक आग्नेयेची, आणखी एक पूर्वेची. पश्चिमेकडे बघणारी एकही नव्हती. पुढे भिंत होती आणि मागे जायला पाऊल नव्हते.

तिकडे सारंग फरशीफरशीने सरकत होता. त्याची एक सोंगटी पश्चिमेची, एक दक्षिणेची आणि एक तिरपी, ईशान्येची. त्याने विहिरीला हात लावला, वृंदावनाला लावला. मग एक पाऊल तिरपे, एक पश्चिमेला, असे करत तो औदुंबर गाठून आला. शेवटी सरळ दक्षिणेला मधोमध येऊन, एक पाऊल तिरपे, एक दक्षिणेला, असे करत करत तो दरवाजाशी चिंतामणच्या शेजारी येऊन उभा राहिला. “झालं, दादा,” असे हसून म्हणाला आणि सभेच्या तयारीला लागायचे म्हणून ग्रंथालयाकडे गेला.

चिंतामणचा बांध फुटला. “गुरुजी, हा पक्षपात आहे! तुम्हाला तोच प्रिय आहे, म्हणून तुम्ही मला फसवलंत.”

“निवड कोणाची होती?” आचार्यांनी विचारले.

चिंतामणने हातातल्या सोंगट्यांकडे पाहिले.

“तू ठिपके मोजलेस. त्याच्या हातात किती उरल्या ते मोजलंस. बाण मात्र पाहिले नाहीस. अरे, सगळी पावलं एकाच बाजूला पडत असतील तर लांब उडीचा काय उपयोग? माणूस भिंतीला लवकर लागतो, एवढंच. आणि त्याच्या त्या तीन सोंगट्या तू ओळखल्या नाहीस? रोज पाटीवर काढतोस की! एका बिंदूतून पश्चिमेला, दक्षिणेला आणि ईशान्येला निघालेल्या तीन रेघा, आपल्या भूमितीतली सरळ रेषा. त्या रेघा कुठे उमटतात?”

“जिथे... जिथे सगळ्यांत मोठ्या दोन संख्या सारख्या होतात, तिथे.”

“म्हणजे जिथे कोणी एकटा मोठा नसतो, तिथे. बाकी सगळी पाटी कोरी.” आचार्य म्हणाले. “आणि तुझं मन, बाळा, ते केव्हाचं पूर्वेलाच चाललंय. सारंगला काय मिळालं, सारंगला कोण काय म्हणालं. सारंगची चूक मीही पाहिली आहे. तू बोलशील म्हणून थांबलो होतो. संध्याकाळी मी त्याला सांगेन. पण मग ते पाऊल माझं होईल.”

चिंतामणला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे झाले. ग्रंथालय अंगणाच्या पलीकडे, पश्चिमेला होते. तेवढ्या फरशा तो एकेक करून ओलांडत गेला. दारातून त्याला सारंगच्या खांद्यावरची ती शाल दिसली, आणि खरे सांगायचे तर आताही ती त्याच्या डोळ्यांत खुपली. तरी तो आत गेला.

“सारंग, तुझ्या सिद्धतेत एक भोक आहे. मला तेव्हाच दिसलं होतं. मी मुद्दाम बोललो नाही.”

सारंगचा चेहरा उतरला. त्याने पाने पुढ्यात पसरली. मग त्याने आपल्या चटईवर सरकून जागा केली.

“बसा, दादा. कुठे ते दाखवा.”

दुसऱ्या दिवशी सभेत पहिल्याच पंडिताने तोच प्रश्न विचारला. “दोन्ही बरोबरीच्या असल्या तर?” सारंग म्हणाला, “त्याचं उत्तर चिंतामणदादा देतील,” आणि त्याने खडू पुढे केला.

चिंतामणचा मत्सर त्या दिवशी मेला का? छे, तो इतक्या सहजी मरत नाही. पुढेही आचार्य सारंगला ‘वा’ म्हणाले की चिंतामणच्या पोटात दुखेच. पण आता त्याच्याजवळ पश्चिमेची एक सोंगटी होती, आणि एका माणसाला सगळे अंगण फिरायला तेवढी पुरते.