सगळ्यांत सावकाश जेवणारा

“मग एवढे देश तू मोजलेस कशानं?” सोमगिरी महाराजांनी विचारलं.

“बेचाळीस निकष आहेत, महाराज.” निरंजन ताठ बसला. “म्हाताऱ्यांना पेन्शन किती, दवाखाना किती लांब, बसमध्ये चढता येतं का, एकटे राहतात किती... प्रत्येकाला गुण. बेरीज केली की कुठल्या देशात म्हातारपण बरं जातं ते कळतं.”

“आणि आपला देश कितवा?”

“उद्या दिल्लीत अहवाल मांडतोय. त्याआधी सांगता येत नाही.”

महाराज हसले नाहीत. मठात सेवेला असलेल्या मला मात्र हसू आलं. गुरूपासूनही गुपित ठेवणारा शिष्य मी पहिल्यांदाच पाहत होतो.

निरंजनने महाराजांचा अनुग्रह घेतला त्याला वीस वर्षं झाली. हुशार माणूस, मोठ्या हुद्द्यावर पोचलेला. त्या दिवशी मठात आला तो वडिलांना घेऊन. अण्णा त्र्याऐंशीचे. त्यांच्या कपड्यांची पिशवी बाहेर गाडीत होती.

“अण्णांना इथेच ठेवून घ्या, महाराज. कायमचं. घरी आम्ही दोघंही दिवसभर कामावर. इथे माणसं आहेत, हवा चांगली आहे. तुम्ही हो म्हणालात की मी निघतो.”

अण्णा सतरंजीकडे बघत होते.

“आधी जेवून घ्या,” महाराज म्हणाले.

पंगत बसली. वाढायला मी होतो. निरंजनचं दहा मिनिटांत आटोपलं. त्याने घड्याळ पाहिलं आणि तो उठायला लागला.

महाराजांनी त्याच्या गुडघ्यावर डावा हात ठेवला.

तो खाली बसला. मग त्याने पंगतीवर नजर टाकली...

चाळीस माणसं हात वाळवत बसली होती. पत्रावळी रिकाम्या झालेल्या. एकटे अण्णा जेवत होते. तोंडात दात नव्हते. भाकरीचा तुकडा वरणात बुडवायचा, तो मऊ व्हायची वाट बघायची, मग कापऱ्या हाताने उचलायचा. निम्मा घास वाटेतच सांडायचा.

आमच्याकडे शेवटच्याचं होईपर्यंत कुणी उठत नाही. त्यात विशेष असं आम्हाला काही वाटत नाही.

अण्णांनी मान वर केली. सगळे आपल्यासाठी थांबलेत हे लक्षात आल्यावर ते ओशाळले. अर्धी भाकरी त्यांनी बाजूला सारली.

“झालं माझं. उठा तुम्ही.”

“पोट भरलं?” महाराजांनी विचारलं.

अण्णांनी भाकरी आणखी लांब सारली.

“अण्णा, भरलं का पोट?”

“सवय आहे मला,” अण्णा हळूच म्हणाले. “घरीही मी अर्ध्यातच उठतो. त्यांना आवरून कामाला जायचं असतं. आपल्यामुळे खोळंबा कशाला...”

निरंजनने वडिलांकडे पाहिलं.

खरं सांगतो, मला त्याचा राग आला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं मनात आलं. पण त्याचा चेहरा बघितला आणि राग टिकला नाही.

“मला... माहीत नव्हतं, अण्णा.”

“तू कशाला बघशील? तुला घाई असते,” अण्णा म्हणाले. त्यात टोमणा नव्हता.

महाराजांनी मला खूण केली. मी अण्णांना गरम वरण वाढलं. निरंजनने हात धुतले, परत येऊन वडिलांशेजारी बसला आणि ती अर्धी भाकरी वरणात कुस्करायला लागला. त्याला ते नीट जमत नव्हतं. अण्णांनी दोन बोटांनी दाखवलं, अजून बारीक.

ड्रायव्हर दाराशी आला.

“साहेब, विमान चुकेल. पिशवी उतरवू का?”

निरंजनचा हात थांबला.

“नको. राहू दे गाडीतच.”

ड्रायव्हर तिथेच उभा राहिला. निरंजनने महाराजांकडे पाहिलं.

“महाराज... दिल्लीत काय सांगू?”

“सांग, उशीर होईल. अण्णांचा ताकभात व्हायचाय अजून.”