गाढवाचा सत्कार

शहरं प्राण्यांची होती, तेव्हाची गोष्ट. एका लहान शहरात गाढव घरोघरचा कचरा उचलायचं. मोडकी घरटी सुगरणीकडे नव्याने विणायला जायची आणि कुजका पाला गांडुळांकडे खतासाठी. गाढवाच्या चाऱ्यासाठी प्रत्येक घर दरमहा थोडं धान्य द्यायचं. ते कोल्ह्याच्या समितीकडे जमा व्हायचं.

पहिल्या महिन्याच्या धान्यात समितीने स्वागताची कमान उभारली. दुसऱ्या महिन्याच्या धान्यात कमानीच्या उद्घाटनाचं जेवण झालं. गाढवाच्या बरगड्या दिसू लागल्या.

ते म्हणालं, "अध्यक्ष, माझा चारा?"

"अरे, रविवारी तुझा सत्कार ठेवलाय. शाल, श्रीफळ, सगळं!"

"शाल खाता येते का?"

"तुला मानाची किंमतच नाही बघ!"

रविवारी कोल्हा तासभर बोलला. शाल अंगावर पडताच गाढवाचे पाय लटपटले. ते खाली बसलं ते उठेना.

कोंबडी ओरडली, "आम्ही दाणे शालीसाठी दिले होते का हो?"

"मावशी, शांत व्हा. यावर विचार करायला मोठी सभा घेऊ. तेवढं धान्य जरा जास्त द्या."

कोंबडी तडक घरी गेली आणि दाणे आणून गाढवाच्या तोंडापुढे ओतले. मग ससा आला, खार आली, रांगच लागली. व्यासपीठावर कोल्ह्याचं आभारप्रदर्शन चालूच होतं.