येवसेईचा पिवळा घुमट

"लावलंत तरी काय तुम्ही त्या घुमटाला, बाबा? आता तरी सांगा!"

येवसेई अगदी रडकुंडीला आला होता. त्याचे सुतारकामातले गुरू, म्हातारे संन्यासी अवरामबाबा, चर्चच्या पायरीवर बसून निवांत पाव चावत होते.

उत्तर रशियातलं तळ्याकाठचं गाव ते. तिथल्या जुन्या चर्चवर बाबांनी बांधलेला कांद्याच्या आकाराचा घुमट होता. वर नुसती अस्पेन झाडाची लाकडी कौलं, पण चांदीसारखा लखलखायचा! शेजारी नवं चर्च बांधायला घेतलं, तेव्हा येवसेईनं छाती ठोकून सांगितलं होतं, "माझ्या घुमटापुढं बाबांच्या घुमटाकडं कुणी ढुंकून बघणार नाही."

कसलं काय! तशीच कौलं लावूनही घुमट तयार झाला तो हळदीसारखा पिवळा. गावकरी जाता-येता टोमणे मारत, "काय रे, कांदा कच्चाच राहिला का?" आणि उद्या तर खुद्द बिशप यायचे होते. त्यांच्यासमोर फजिती झाली, की या मुलखात त्याला काम कोण देणार?

येवसेईनं राख आणि वाळूची बादली उचलली.

"एकेक कौल घासून काढतो."

"घास की," बाबा म्हणाले. "कुऱ्हाडीनं तासताना लाकडाच्या छिद्रांची तोंडं मिटलीत, ती उघडतील. पाणी आत शिरेल. दोन हिवाळ्यांत सगळं कुजेल."

"कुजू दे! उद्या चमकलं म्हणजे झालं!"

बोलून गेला, आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

बाबांनी मान वर करून घुमट न्याहाळला.

"कौलं सुरेख बसवलीयस. मला नसती जमली."

सात वर्षांत बाबांच्या तोंडून कौतुकाचा शब्द पहिल्यांदाच निघाला होता. तरी येवसेईनं शिडीवर पाय ठेवलाच.

बाबा उठले. त्याचा दंड धरून त्याला खाली घेतलं, शिडी खांद्यावर टाकली आणि चालू लागले.

"अहो बाबा, शिडी कुठं नेताय?"

"माझाही असाच पिवळाधमक होता. लोक पोट धरधरून हसले होते..."

"मग? मग काय लावलंत?"

बाबा थांबले.

"चाळीस वर्षं झाली, पोरा... ऊन-पाऊस लागला, शिडी लावली नाही."