झोपेचा रांजण

एका राज्यात प्रजा झोपेचा कर भरत असे. दरसाल दर घरातून एका रात्रीची झोप राजवाड्यातल्या तीन रांजणांत ओतली जाई. ती दुधासारखी दिसे आणि तिला ओल्या गवताचा वास येई. तीच झोप पोटात भरून नावा आकाशात तरंगत आणि डोंगरापलीकडून मीठ, औषधे आणत.

त्या नावांच्या संघाचा श्रेष्ठी होता पुरंजय. नावा बांधायला ज्यांनी झोप दिली, त्यांना संघाने चांदीची पिसे दिली होती. ज्याचे पीस, त्याचा मिळकतीत वाटा. एका मांत्रिकाने पुरंजयास सांगितले, "पिसे विकत घे आणि जाळ. उरतील ती दुप्पट झळकतील." पुरंजयापाशी स्वतःची शंभर पिसे होती, मग त्याला धीर कुठला? प्रत्येक नावेत वादळासाठी राखलेली झोपेची घागर होती. पिसांच्या मोबदल्यात त्याने त्या साऱ्या रित्या केल्या. उरलेली पिसे झळकली आणि त्या झळाळीला भुलून लोकांनी या लबाडाची पालखीतून मिरवणूक काढली.

मग वादळ आले, नावा खचू लागल्या. पुरंजय राणी मृगावतीपुढे हात जोडून उभा राहिला. राणीने एक रांजण दिला. त्यातल्या निम्म्या झोपेने त्याने पुन्हा पिसेच घेतली. दुसऱ्या वादळात दुसरा रांजण गेला, आणि दोन रांजण रिते झाले की राज्याची झोप उडेल, हा जुना शाप जागा झाला. राज्यात कुणाचाच डोळा लागेना. राणीची चार वर्षांची शर्वरी नऊ दिवस टक्क जागी होती. तिच्याकडे पाहून राणीचा जीव तुटत होता.

तिसरे वादळ आले. पुरंजय म्हणाला, "महाराणी, तीनशे नावाडी दरीवर लोंबकळत आहेत. शेवटचा रांजण द्यावा."

तोही रिता झाला तर राज्यात पुन्हा कधीच कुणी झोपणार नव्हते. तेवढ्यात खिडकीत एक भारद्वाज येऊन बसला आणि बोलला, "दे, राणी. पण आधी तीन गोष्टी माग."

राणी म्हणाली, "तुझी शंभर पिसे."

पुरंजयाने ती पायाशी ठेवली.

"घागरी भरेपर्यंत एकही पीस जाळायचे नाही."

त्याने शपथ घेतली.

"तुझी सर्वांत जुनी नाव अंगणात बांधली आहे. तीत बसून रांजण तूच घेऊन जा."

पुरंजय हळूच म्हणाला, "त्या नावेचा तळ मला ठाऊक आहे, महाराणी."

"तसल्याच तळांवर तीनशे माणसे उभी आहेत."

पुरंजय सर्वांदेखत रडला. मग नावेत चढला, पागोटे फाडून भोके बुजवली आणि त्यांवर स्वतः बसून निघाला. ढगांतून नावेनावेला त्याने ओंजळीने झोप वाटली. या खेपेस मध्ये काही गळाले नाही. तीनशेही जण परतले तेव्हा रांजण अर्धा भरलेला होता. राणीने त्यात आणि दोन्ही रित्या रांजणांत मिळून ती शंभर पिसे सोडली. ती विरघळून पुन्हा झोप झाली, तिन्ही रांजण काठोकाठ भरले आणि शाप सुटला.

शर्वरीने आईचे बोट धरले, काही विचारायला तोंड उघडले, आणि प्रश्न अर्ध्यावरच राहिला. दरबार खोळंबला होता. ती उठेपर्यंत राणीने बोट सोडवून घेतले नाही.