अप्पांच्या फियाटची दुसरी किल्ली

माझे सासरे, अप्पा, निवृत्त मामलेदार. त्यांच्या जुन्या फियाटला किल्ली एकच, आणि ती कायम त्यांच्या खिशात. पेन्शनरांच्या बैठकीला एसटीने पुण्याला निघाले, तरी किल्ली बरोबर जायची. मग गाडी दारात उभी, आणि सासूबाई दुखरे गुडघे घेऊन दवाखान्यात जायच्या रिक्षातून, हिसके खात. मला गाडी चालवता येते. लग्नाला महिना होतो न होतो तोच मी धीर करून म्हटलं, "अप्पा, दुसरी किल्ली करून घेऊ या का?"

"कशाला?" अप्पा गरजले. "या घरातलं माणूस स्टँडवर उतरलं आणि मी गाडी घेऊन समोर नाही, असं आजवर एकदा तरी झालंय? सांग पाहू!"

"झालं, भाषण सुरू," सासूबाई पुटपुटल्या.

"नाही झालं," मी म्हटलं. "पण अप्पा, तुम्ही उतरता तेव्हा समोर कोण असतं?"

अप्पांनी खिशातली किल्ली चाचपली.

संध्याकाळी ते स्वतःच किल्लीवाल्याकडे जाऊन आले. नवी किल्ली माझ्या हातावर ठेवत दरडावून म्हणाले, "गुरुवारी पाचच्या एसटीने येतोय. उशीर चालणार नाही. आणि येताना हिलाही आण."