फुकट बसणारे दोघे

मिरजेच्या एका संगीत मंडळाचे अध्यक्ष तात्यासाहेब घोरपडे फार करड्या शिस्तीचे. त्यांची पुतणी वैजयंती इलेक्ट्रॉनिक्सची हौशी. तिने मंडळाच्या सभागृहासाठी घरीच, महिनोन्‌महिने खपून अ‍ॅम्प्लिफायर बनवला आणि तिथे आणून ठेवला. तात्यासाहेब सभासदांना घेऊन तपासणीला आले आणि त्यांनी झाकण उघडायला लावलं. स्पीकरच्या तारा जोडतात तिथल्या दोन बारक्या वस्तूंवर त्यांनी बोट ठेवलं.

"हे काय?"

"एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर, काका."

"यांनी आवाज वाढतो?"

"नाही."

"गोड होतो?"

"तसंही नाही."

"मग माझ्या मंडळात फुकट बसणारे नकोत! काढ ते, नाहीतर हे यंत्र परत घरी ने."

वैजयंतीचा चेहराच उतरला. ते काढले तर अ‍ॅम्प्लिफायर टिकणार नव्हता, पण काकांना ते पटवायचं कसं? ती त्यांच्याकडे बघून हसली.

"काका, मैफलीत तुम्ही पहिल्या रांगेत बसता. गात नाही, वाजवत नाही. पण तुम्ही चहाला उठलात की मागे शिट्ट्या सुरू होतात आणि परत येऊन बसलात की सगळे गप्प! हे दोघं तेच करतात. ते नसले तर अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच शिट्ट्या मारत सुटेल, अगदी आपल्याला ऐकूही न येणाऱ्या, आणि तापून जळेल."

सभासदांनी तोंडाला रुमाल लावले. तात्यासाहेबांच्या मिशा थरथरल्या, आणि मग तेच खो खो हसत सुटले.

"बसू दे गं त्यांना," ते डोळे पुसत म्हणाले. "फक्त माझ्यासारख्या डुलक्या काढत नाहीत ना, तेवढं बघ!"